युरोपातील घरांमधील कार्बन मोनॉक्साइड अलार्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी किंवा शिक्षणासाठी लंडन, डब्लिन, म्युनिक किंवा क्राकूव्हला गेलेल्या मराठी कुटुंबांना घर भाड्याने घेताना हा अलार्म बहुधा पहिल्यांदाच दिसतो. तो कोणी लावायचा, कायदा काय म्हणतो आणि कायदा गप्प असेल तेथे काय करायचे, याविषयी नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

संपूर्ण युरोपाला लागू असा एकच नियम आहे का?

नाही. घरांच्या सुरक्षेचे नियम प्रत्येक देश स्वतः करतो. जर्मनीसारख्या देशात तर ते राज्यागणिक ठरतात आणि ब्रिटनमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगवेगळे आहेत. सर्वत्र समान आहे तो अलार्मच्या गुणवत्तेचा दर्जा, म्हणजे ईएन ५०२९१ हे मानक. अलार्म कसा असावा हे युरोपने मिळून ठरवले आहे, पण तो असावाच की नाही हे ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवायचे, अशी ही विभागणी आहे.

ढोबळमानाने युरोपात दोन विचारधारा दिसतात. एक म्हणते की खोलीतील हवेवर पहारा ठेवा. दुसरी म्हणते की हवा बिघडवणाऱ्या उपकरणावरच पहारा ठेवा, म्हणजे बॉयलरची वार्षिक तपासणी आणि धुराड्याची सफाई कायद्याने बंधनकारक करा. एखाद्या देशात अलार्मची सक्ती नाही म्हणून तेथे या विषयाकडे दुर्लक्ष झाले आहे, असा निष्कर्ष काढणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते.

घरात धुराचा अलार्म आहे. तेवढा पुरेसा नाही का?

पुरेसा नाही. धुराचा अलार्म हवेतील सूक्ष्म कण ओळखतो. कार्बन मोनॉक्साइड हा रंग, वास आणि चव नसलेला वायू असून तो धुराशिवायही तयार होतो. इंधनाला जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, किंवा धुराडे तुंबले, की तो खोलीत साचू लागतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे माणूस श्वास घेत असतानाच शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा ही सुरुवातीची लक्षणे फ्लूसारखीच असतात. फरक एवढाच की ताप नसतो, घरातील सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर पडल्यावर बरे वाटते.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात घरमालकाची जबाबदारी नेमकी काय आहे?

येथील नियम दोन टप्प्यांत आले. १ ऑक्टोबर २०१५ पासून खासगी घरमालकांना प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आणि लाकूड किंवा कोळसा जाळणारे उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावणे बंधनकारक झाले. गॅसचा बॉयलर त्या वेळी या कक्षेत नव्हता, आणि इंग्लंडमधील बहुसंख्य घरे गॅसवर तापत असल्यामुळे ही उणीव लहान नव्हती. १ ऑक्टोबर २०२२ पासून सुधारित नियम लागू झाले. आता राहत्या खोलीत इंधन जाळणारे कोणतेही कायमस्वरूपी बसवलेले उपकरण असेल, तर तेथे अलार्म हवाच, आणि हे बंधन स्थानिक परिषदा (म्हणजे तेथील नगरपालिका) व कमी भाड्याने घरे देणाऱ्या गृहनिर्माण संस्था यांच्या घरांनाही लागू आहे. राहती खोली या शब्दात न्हाणीघर, शौचालय, जिना-मार्गिका यांचाही समावेश होतो, त्यामुळे बॉयलर बाथरूममध्ये आहे ही सबब चालत नाही.

गॅसची शेगडी मात्र या नियमातून वगळली आहे. केवळ स्वयंपाकाच्या गॅससाठी अलार्म लावा, असा आग्रह तुम्ही घरमालकाकडे कायद्याच्या आधारे धरू शकत नाही. स्वखर्चाने लावण्यास अर्थातच कोणाची हरकत नसावी.

नवा भाडेकरार सुरू होतो त्या दिवशी अलार्म चालू आहे याची खात्री करणे घरमालकाचे काम आहे. त्यानंतर वेळोवेळी बटण दाबून पाहणे आणि बिघाड असल्यास कळवणे ही भाडेकरूची बाजू झाली, आणि कळवल्यावर दुरुस्ती किंवा बदल करणे पुन्हा घरमालकाकडे येते. टाळाटाळ होत असेल तर स्थानिक परिषदेकडे तक्रार करावी. परिषद नोटीस काढते, २८ दिवसांची मुदत देते आणि तरीही काम न झाल्यास ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते. तक्रार लेखी ठेवणे शहाणपणाचे, कारण फोनवर झालेले बोलणे नंतर कोणालाच आठवत नाही.

याखेरीज १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरमालकाने दर वर्षी गॅस सेफ या गॅस-तंत्रज्ञांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडून उपकरणे तपासून घ्यावी लागतात व त्या तपासणीची प्रत भाडेकरूला २८ दिवसांच्या आत द्यावी लागते. किल्ली हातात घेताना हा कागद मागून घ्यावा. माझ्या मते अलार्मपेक्षाही तो आधी पाहावा, कारण अलार्म वाजतो तो बिघाड झाल्यानंतर.

घर स्वतःच्या मालकीचे असेल तर?

येथे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या वाटा वेगळ्या होतात. इंग्लंडमध्ये जुन्या घरात स्वतः राहणाऱ्या मालकावर सक्ती नाही. नवा बॉयलर किंवा स्टोव्ह बसवला जातो तेव्हा मात्र बांधकाम नियमांनुसार अलार्मही बसवावा लागतो. स्कॉटलंडने लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या २०१७ मधील आगीनंतर वेगळी भूमिका घेतली. १ फेब्रुवारी २०२२ पासून तेथे मालकीचे असो वा भाड्याचे, प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले आगीचे अलार्म लागतात आणि इंधनावर चालणारा बॉयलर, शेकोटी, हीटर किंवा धुराड्याची नळी असेल त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म लागतो. हा दुसरा अलार्म इतरांशी जोडलेला असण्याची गरज नाही, पण तो बॅटरीवर चालणारा असेल तर ती बॅटरी आयुष्यभर पुरणारी, सीलबंद असावी लागते. मुदत मुळात फेब्रुवारी २०२१ ची होती. करोनामुळे ती वर्षभर पुढे गेली. नियम न पाळल्याबद्दल मालकाला गुन्हेगार ठरवले जात नाही, परंतु घर विकताना प्रश्न हमखास पुढे येतो.

वेल्स, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक येथे काय स्थिती आहे?

वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून, घर राहण्यायोग्य असण्याच्या अटींचा भाग म्हणून, भाड्याच्या घरात गॅस, तेल किंवा घन इंधन जाळणारे उपकरण असलेल्या प्रत्येक खोलीत अलार्म आवश्यक आहे. उत्तर आयर्लंडमध्ये खासगी भाडेकरारांसाठी ही सक्ती २०२४ मध्ये आली. नव्या करारांना ती १ सप्टेंबरपासून आणि जुन्यांना १ डिसेंबरपासून लागू झाली. आयर्लंड प्रजासत्ताकात नवे किंवा बदललेले ज्वलन-उपकरण बसवताना अलार्म लावण्याची तरतूद २०१४ च्या बांधकाम मार्गदर्शिकेत आहे आणि भाड्याच्या घरांच्या दर्जाविषयीच्या २०१७ च्या नियमांतही जेथे गरज असेल तेथे अलार्म असावा असे म्हटले आहे.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स हे नियमांचे काटेकोर देश. तेथे सक्ती का नाही?

या तिन्ही देशांत धुराचा अलार्म बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये तो मार्च २०१५ पासून, नेदरलँड्समध्ये जुलै २०२२ पासून सर्व घरांत आणि जर्मनीत टप्प्याटप्प्याने सर्व सोळा राज्यांत झाला. कार्बन मोनॉक्साइडसाठी मात्र त्यांचा भर उपकरणावर आहे.

जर्मनीत प्रत्येक भागासाठी अधिकृतपणे नेमलेला धुराडे-निरीक्षक असतो. तो सात वर्षांत दोनदा घरातील सर्व ज्वलन-उपकरणांची प्रत्यक्ष पाहणी करतो, आणि गॅस बॉयलरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड ठरावीक काळाने मोजले जाते. हे प्रमाण दहा लाखांत १,००० भागांपेक्षा जास्त निघाले तर दुरुस्ती करावीच लागते. नव्याने आलेल्या भाडेकरूंना काळ्या पोशाखातील हा माणूस दारावर आलेला पाहून आश्चर्य वाटते. त्याची चिठ्ठी जिन्यात लागली असेल तर त्या दिवशी घरी थांबावे. त्याला आत न घेणे हा पर्याय नसतो.

फ्रान्समध्ये २००९ च्या आदेशानुसार बॉयलरची देखभाल दर वर्षी करून घ्यावी लागते आणि त्या भेटीत तंत्रज्ञ खोलीतील कार्बन मोनॉक्साइडही मोजतो. भाड्याच्या घरात स्वतंत्र बॉयलर असेल तर हे काम करारात वेगळे लिहिले नसल्यास भाडेकरूकडे येते, आणि अनेकांना हे ठाऊकच नसते. नेदरलँड्समध्ये सुरक्षा तपास मंडळाने २०१५ मध्ये या विषयावर अहवाल दिला. मृत्यू केवळ जुन्या मोडक्या उपकरणांमुळे होतात हा समज त्याने खोडून काढला आणि बसवण्यातील व देखभालीतील चुकांकडे बोट दाखवले. त्यातून पुढे कायदा झाला व १ एप्रिल २०२३ पासून गॅसच्या ज्वलन-उपकरणांवर केवळ प्रमाणित कंपन्यांनाच काम करता येते.

या पद्धतीत दम आहे, पण तिला एक छिद्र आहे. निरीक्षक बॉयलर तपासतो. घरात आणलेली कोळशाची शेगडी, बाल्कनीतून आत घेतलेला बार्बेक्यू, हुक्क्याचा कोळसा किंवा जनरेटर त्याच्या वहीत नसतो. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील आर्नस्टाइन येथे बागेतील एका झोपडीवजा घरात सहा तरुण मुले मृत्युमुखी पडली. कारण होते पेट्रोलवर चालणारा जनरेटर. अशा ठिकाणी अलार्मखेरीज दुसरा पहारेकरी नसतो.

पोलंडने अलीकडे एवढा व्यापक नियम का केला?

पुणे-मुंबईच्या वाचकांना हे उत्तर चटकन समजेल, कारण पोलंडमधील प्रश्न आपल्याकडील बाथरूममधल्या गॅस गिझरसारखाच आहे. तेथील जुन्या सदनिका-इमारतींत आंघोळीचे पाणी तापवणारा गॅस गिझर न्हाणीघरातच भिंतीवर असतो आणि तो ज्वलनासाठी खोलीतलीच हवा वापरतो. इमारत बांधली तेव्हा खिडक्यांच्या फटींतून हवा येत असे. पुढे उष्णता वाचवण्यासाठी घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या आल्या, थंडी लागते म्हणून कोणी वायुवीजनाच्या जाळीत फडके कोंबले, कोणी स्वयंपाकघरात जोरकस पंखा लावला. मग धुराड्यातून वर जायचा धूर उलटा खाली येऊ लागतो आणि आंघोळीला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. तेथे दर हिवाळ्यात या वायूने कित्येक बळी जातात आणि अग्निशमन दल वर्षानुवर्षे जागृती मोहिमा चालवत आले आहे.

२०२४ च्या अखेरीस गृह मंत्रालयाने अग्निसुरक्षा नियमांत बदल केला व तो २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला. नव्या निवासी इमारतींत धुराचा अलार्म आणि इंधन जाळले जाते तेथे कार्बन मोनॉक्साइड अलार्म लागतो. हॉटेलसारखी सेवा देणाऱ्या जुन्या निवासी जागांना ३० जून २०२६ पर्यंत, तर आधीपासून असलेल्या घरांना १ जानेवारी २०३० पर्यंत मुदत दिली आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी २०३० ची वाट पाहू नये. न्हाणीघरात उघड्या ज्वलनाचा गिझर असेल तर अलार्म आजच हवा.

एस्टोनिया आणि इटलीचे नियमही वेगळे आहेत असे ऐकले. ते काय आहेत?

एस्टोनियात २०१८ पासून गॅसवर पाणी तापवणाऱ्या उपकरणांच्या सदनिकांना आणि १ जानेवारी २०२२ पासून भट्टी, शेकोटी किंवा लाकडी चूल असलेल्या घरांनाही सक्ती आहे. लाकूड जाळून घर तापवण्याची परंपरा तेथे जिवंत असल्यामुळे हे स्वाभाविक होते. इटलीने सर्व घरांना हात न लावता पर्यटकांना अल्पकाळासाठी दिल्या जाणाऱ्या घरांपुरता नियम केला: २०२३ च्या कायद्यानुसार अशा घरांत ज्वलनशील वायू व कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी उपकरणे आणि अग्निशामक नळकांडे असावे लागते, अन्यथा ६०० ते ६,००० युरो दंड होऊ शकतो. घर पूर्ण विजेवर चालत असेल तर वायूच्या उपकरणांची गरज उरत नाही.

बाजारात स्वस्तही आहेत आणि महागही. कोणता घ्यावा?

सर्वप्रथम मागच्या बाजूला ईएन ५०२९१-१ असे छापलेले आहे का ते पाहावे. वस्तू युरोपीय संघाच्या नियमांत बसते असे उत्पादक ज्याने सांगतो ते सीई हे चिन्ह एकटे पुरेसे नाही. कॅराव्हॅन किंवा बोटीसाठी ५०२९१-२ असलेला घ्यावा, कारण त्याची चाचणी धक्के आणि हलण्या-डुलण्याला धरून झालेली असते.

हे मानक अलार्मला केवळ किती वायू आहे एवढेच नव्हे, तर किती वेळ आहे हेही पाहायला लावते. प्रमाण दहा लाखांत ३० भाग असेल तर दोन तासांच्या आत अलार्म वाजता कामा नये. ५० भागांना तो ६० ते ९० मिनिटांत, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे. त्यामुळे किंचित वायू असताना अलार्म गप्प राहतो हा बिघाड नसून रचनेचा भाग आहे. गर्भवती, लहान मूल किंवा हृदयरोगी घरात असेल तर प्रमाण आकड्यांत दाखवणारा पडदा असलेला नमुना घेणे बरे.

ऑनलाइन बाजारांत निनावी कंपन्यांचे अत्यंत स्वस्त अलार्म मिळतात. त्यांपैकी कित्येक चाचणीत वाजतच नाहीत, आणि युरोपीय संघाच्या धोकादायक वस्तूंच्या सूचना-यंत्रणेत असे अलार्म पुन्हा पुन्हा नोंदवले गेले आहेत. न वाजणारा अलार्म हा अलार्म नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त झोपतो.

भारतातून किंवा अमेरिकेतून आणलेला अलार्म चालेल का?

कायद्याच्या पूर्ततेसाठी नाही. अमेरिकेतील मानकाचे टप्पे निराळे आहेत. तेथे ७० भागांना एक ते चार तासांच्या दरम्यान वाजणे अपेक्षित असते, म्हणजे तो युरोपीय अलार्मपेक्षा उशिरा जागा होतो.

अलार्म कोठे बसवावा?

ज्या खोलीत उपकरण आहे तेथेच, उपकरणापासून आडव्या रेषेत एक ते तीन मीटर अंतरावर. भिंतीवर लावायचा असल्यास दारे-खिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छतापासून किमान १५ सेंटीमीटर खाली. छतावर लावायचा असल्यास भिंतींपासून किमान ३० सेंटीमीटर दूर. झोपायच्या खोलीत दुसरा लावत असाल तर तो उशीच्या, म्हणजे श्वासाच्या उंचीवर ठेवावा. हा वायू जड असल्याने जमिनीलगत साचतो ही समजूत चुकीची आहे. तो हवेपेक्षा किंचित हलका असून खोलीभर मिसळतो. कपाटात, पडद्यामागे, एक्झॉस्ट पंख्याशेजारी किंवा शेगडीच्या थेट वर तो लावू नये.

चाचणीचे बटण दाबले की वाजतो, तरीही तो बदलायला का सांगतात?

कारण बटण फक्त भोंगा, बॅटरी आणि विद्युतमंडल तपासते. आत जो विद्युत-रासायनिक सेन्सर असतो तो वर्षानुवर्षे हळूहळू थकतो आणि त्याची खरी अवस्था बटणाला कळत नाही. म्हणून प्रत्येक अलार्मवर बदलण्याची तारीख छापलेली असते. नमुन्यानुसार आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते. घर ताब्यात घेताना अलार्म भिंतीवरून उतरवून ती तारीख वाचावी. पांढऱ्या प्लास्टिकचा पिवळट झालेला, मागे फिकट शाईत लिहिलेली मुदत केव्हाच उलटून गेलेला अलार्म जुन्या भाड्याच्या घरांत सर्रास सापडतो.

साधारण मिनिटाला एकदा येणारी एकच टिकटिक ही बहुधा बॅटरी किंवा आयुष्य संपल्याची खूण असते. सलग, जोरदार आवाज हा वायूचा इशारा असतो. नेमका संकेत कंपनीगणिक बदलतो, म्हणून माहितीपत्रक फेकू नये.

अलार्म वाजला तर काय करावे?

सर्वांना घेऊन बाहेर पडावे. जाता जाता हाताशी असेल तर उपकरण बंद करावे आणि दारे-खिडक्या उघडाव्यात, पण त्यासाठी थांबू नये. कोणाला त्रास होत असेल तर युरोपात कोठेही ११२ लावता येतो. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये गॅसच्या आणीबाणीसाठी ०८०० १११ ९९९ हा विनामूल्य क्रमांक आहे. दवाखान्यात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे हे स्वतःहून सांगावे. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर या विषबाधेतही आकडा फसवेपणाने चांगला दाखवू शकते, त्यामुळे खरी तपासणी रक्ताचीच. तंत्रज्ञाने पाहिल्याशिवाय उपकरण पुन्हा सुरू करू नये.

हा धोका हिवाळ्यापुरताच आहे का?

मुख्यतः होय, पण व्हिएन्नाचा अनुभव वेगळे सांगतो. तेथील जुन्या सदनिकांत गॅसची लहान तापक उपकरणे सर्रास आहेत. कडक उन्हाळ्यात बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की धुराडे ओढ धरत नाही आणि धूर घरातच राहतो. त्यात कोणी नळी खिडकीबाहेर सोडणारा फिरता एअर कंडिशनर लावला, तर तो खोलीतील हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा भरायला धुराड्यातूनच हवा खाली ओढली जाते.

मागणी कशावर अवलंबून असते? हीट पंप आल्यावर ती संपेल का?

या बाजाराला थंडीपेक्षा कायद्याच्या तारखा अधिक हलवतात. स्कॉटलंडमध्ये मुदत जवळ येताच दुकानांतील साठा अपुरा पडू लागला होता. इंग्लंडमध्ये २०२२ चे नियम आले तेव्हा नवे ग्राहक तर वाढलेच, शिवाय २०१५ मध्ये बसवलेल्या सात वर्षे आयुष्याच्या अलार्मची मुदतही त्याच सुमारास संपली. पोलंडमध्ये २०२६ आणि २०३० या दोन तारखांच्या आधी असेच घडेल हे सांगायला ज्योतिषी नको, आणि त्यानंतर सात-दहा वर्षांनी तीच लाट बदलीच्या रूपाने परत येईल. ज्याला खरेदी करायची आहे त्याने मुदतीच्या आधीचे दोन महिने टाळलेले बरे. निकृष्ट माल नेमका त्याच वेळी बाजारात घुसतो.

२०२२-२३ च्या ऊर्जा-संकटात गॅस महागल्याने अनेक घरांनी लाकडाचे स्टोव्ह पुन्हा पेटवले. अशा वेळी कायदा बदलला नसतानाही अलार्मची गरज वाढते.

हीट पंपाने, म्हणजे बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राने, गॅस बॉयलरची जागा घेतलेल्या आणि स्वयंपाकही विजेवर होणाऱ्या घराला या अलार्मची फारशी गरज उरणार नाही, हे खरे. परंतु हा बदल संथ आहे, आणि काही घरे विजेऐवजी लाकडी गोळ्यांच्या (भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या, म्हणजे पेलेटच्या) बॉयलरकडे वळली आहेत. या गोळ्या न जळताही साठवणीच्या बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडतात. अशा कोठारांत शिरून युरोपात माणसे दगावलेली आहेत. त्यामुळे गोळ्यांच्या कोठारात शिरण्याआधी ते नीट हवेशीर होऊ द्यावे आणि अंगावर वापरता येणारा मापक सोबत ठेवावा; भिंतीवरचा घरगुती अलार्म त्या कामासाठी बनवलेला नाही.